टक्कल पडतं, जात पडत नाही

नोव्हेंबर २०१९ मध्ये आठवड्याच्या अंतरानं टकलावरचे दोन हिंदी सिनेमे आले. 'उजडा चमन' आणि 'बाला'. पहिला २०१७ च्या एका कन्नड सिनेमावरून बेतलेला. गोष्ट दोन्हींची एकच. पोराचे केस गेले, लग्न जमेना, पोरगा खचला. प्रेक्षक खो-खो हसले, शेवटी डोळे पुसले, घरी गेले. स्वतःवर प्रेम करायला शिकवणारे सिनेमे, असं कौतुकही झालं. आता हे सिनेमे मोबाईलवर आहेत. वरसे-रोह्याकडे, धाटावच्या शिफ्टवरून सुटलेली आपली पोरं रात्री ते बघतात. मग त्याच मोबाईलच्या काचेत आपला भांग आणि आपला रंग बघतात. म्हणून ही झाडाझडती.

'बाला' आधी घेऊ, कारण त्यात केसाबरोबर रंगही आहे. कानपूरचा बालमुकुंद शुक्ला. शाळेत दाट केसांचा मिजासखोर पोरगा, वर्गातल्या काळ्या लतिकाला हिणवणारा. पंचविशीत त्याच्याच डोक्यावर टक्कल येतं. नोकरी गोरं करणाऱ्या क्रीमच्या कंपनीत. टोप लावून तो परी मिश्राशी लग्न करतो. टोपाखालचं उघडं पडल्यावर ती निघून जाते. लतिका त्रिवेदी वकील आहे, काळी आहे, ताठ आहे. शेवटी बाला टोप काढतो आणि आहे तसा उभा राहतो. टाळ्या.

आता आडनावं पुन्हा वाचा. शुक्ला, मिश्रा, त्रिवेदी. तिन्ही ब्राह्मणाची. या देशात रंगा-रूपाचा एवढा मोठा प्रश्न उभा केला आणि जातीला दाराबाहेर चपलांजवळ ठेवलं. याला मी योगायोग म्हणणार नाही, ही सोय आहे. जात बाहेर ठेवली की टक्कल आणि काळेपणा एकाच पोत्यात भरता येतात. अरे टकल्या, तू स्वतःला स्वीकार. अगं काळे, तू पण स्वतःला स्वीकार. मिटला प्रश्न! वर त्या लतिकेच्या कामासाठी यांना काळी नटी मिळाली नाही. भूमी पेडणेकरच्या तोंडाला काळा रंग फासला. त्यावर तेव्हाच ओरड झाली होती. रंगाच्या अपमानावर बोलणाऱ्या सिनेमात काळ्या बाईला कामच नसेल, तर हा कळवळा कुणासाठी?

टकलाचं दुःख खोटं, असं मी म्हणत नाही. आमच्या खात्यात एकजण आहे, वय चोवीस. मुलीकडच्यांना तीन वर्षांपूर्वीचा फोटो पाठवतो आणि बघायला जाताना टोपी घालून बसतो. घराण्यातून आलेली ठेवण आणि अंगातलं पुरुषी हार्मोन मिळून केसांची मुळं बारीक करत जातात. त्यात त्याचा गुन्हा काय? त्याला हसणारे मला आवडत नाहीत. पण शुक्लाचं टक्कल ही शुक्लाची एकट्याची गोष्ट आहे. त्या टकलापायी त्याच्या बापाला कुणी पाणवठ्यावरून हाकललं नाही. केस गेले तरी शुक्ला शुक्लाच राहतो.

आता 'फँड्री'तल्या जब्याकडे या. नागराज मंजुळे यांचा हा सिनेमा फेब्रुवारी २०१४ मध्ये थेटरात लागला. जब्या कैकाड्याचा पोरगा, शाळेत जाणारा, काळा. त्याचे केस काही गेलेले नाहीत. वर्गातल्या शालूवर त्याचा जीव. नाक सरळ व्हावं म्हणून तो नाकाला चिमटा लावतो. जीनच्या पँटीसाठी पैसे जमवतो. काळ्या चिमणीमागं रानोमाळ पळतो, कारण तिची राख पोरीवर टाकली की ती आपली होते असं त्याला सांगितलेलं. आणि शेवटी? बापाबरोबर डुक्कर धरावं लागतं, शाळेसमोर, सगळ्यांदेखत. बघ्यांत शालूही हसते. तिला त्याचं नाक दिसत नाही, डुक्कर दिसतं. जब्याला वाटत होतं, नाक आडवं येतंय. सिनेमा दाखवतो की जात आडवी येतेय. इथं मंजुळे 'बाला'वाल्यांच्या शंभर पावलं पुढं आहेत.

जब्याच्या नाकावरचा तो चिमटा फार जुना आहे. इंग्रजांच्या काळात रिस्ले नावाच्या साहेबानं या देशातल्या जातींची नाकं मोजवली आणि सिद्धांत ठोकला, की नाक जितकं बसकं तितकी जात खाली. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात हा अस्पृश्यतेच्या वंशाचा सिद्धांत नाकांच्याच आकड्यांनी उताणा पाडला. नाकाच्या मापानं ब्राह्मण आणि अस्पृश्य दोन वंशांचे ठरत नाहीत, हे त्यांनी दाखवलं. त्याआधी १९३६ मध्येच त्यांनी सांगून ठेवलं होतं, की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशानं एकच आहेत. मित्रांनो, हे नुसतं पुस्तकातलं नाही. आपल्या गावात काळाकुट्ट भट आहे आणि गोरापान बौद्धही आहे. भटाच्या पोराला 'सावळा' म्हणतात, आपल्याला 'काळा'. कातडी तीच, शब्द दोन. जात तोंडावर लिहिलेली नसते. आधी आडनाव विचारतात, वस्ती विचारतात, मग तोंडावर जात वाचतात.

ज्याला अजून वाटतं की रूप असतं तर जमलं असतं, त्यानं 'सैराट' (२०१६) आठवावा. परश्याला काय कमी होतं? देखणा, केसाळ, क्रिकेटात पुढं, अभ्यासात हुशार, आणि पोरगी स्वतः जीव लावणारी. तरी शेवटी दोघांच्या रक्तात त्यांच्या पोराची पावलं उमटली. सिनेमाच कशाला? 'फँड्री' लागला त्याच वर्षी, २८ एप्रिल २०१४ ला, नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात १७ वर्षांच्या दलित पोराला मारून झाडाला लटकवलं. संशय एवढाच की तो वरच्या जातीच्या मुलीशी बोलला. २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. मारणाऱ्यांनी त्याच्या भांगाकडे बघितलं नव्हतं. 'स्वतःवर प्रेम कर' हा मंत्र त्याला कुठं पुरला असता?

केस आणि जात यांची खरी गाठ बघायची तर आपल्याच घरात बघा. सुत्तनिपातात वसल सुत्त आहे. भगवान बुद्ध भिक्षेला येताना बघून एक अग्निपूजक ब्राह्मण लांबूनच ओरडतो, तिथंच थांब म्हणतो, आणि एका दमात त्यांना मुंडक्या म्हणतो आणि नीचही म्हणतो. डोकं आणि जात एकाच शिवीत! बुद्ध ना डोकं झाकतात, ना कूळ सांगतात. जन्मानं कुणी नीच होत नाही, कर्मानं होतो, हे त्यालाच समजावून देतात. दुसरी गोष्ट साताऱ्याची. गावात न्हावी होते, पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही तयार नव्हता. भीमरावाचे केस त्यांची थोरली बहीण कापायची. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे आपला प्रश्न केस गळण्याच्या आधीचा आहे. ते डोकं माणसाचं आहे हेच मान्य नव्हतं. आणि पुढं त्याच बाबासाहेबांचे केस मागं हटले, कपाळ मोठं झालं. प्रत्येक चौकात ते कपाळ उभं आहे. वस्तीतल्या कुठल्या म्हातारीनं त्यांना कधी टकल्या म्हटलंय? आपल्याला ते जगातलं सगळ्यात देखणं कपाळ वाटतं. सौंदर्य कोण ठरवतं, याचं उत्तर इथं आहे.

बाजाराला मात्र हे परवडत नाही. 'फेअर अँड लव्हली' १९७५ पासून बायांना विकली. २००५ मध्ये 'फेअर अँड हँडसम' आणून पुरुषांनाही चुना लावला. २०२० मध्ये अमेरिकेत पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडला गुडघ्याखाली मारलं, जगभर काळी माणसं रस्त्यावर आली, तेव्हा कुठं 'फेअर अँड लव्हली'नं नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. ट्यूब तीच. माल्कम एक्सनं आत्मकथेत सांगितलंय, तरुणपणी गोऱ्यासारखे सरळ केस दिसावेत म्हणून तो डोक्यावर जळजळणारा कॉस्टिक लेप सोसायचा, आणि पुढं त्यालाच त्यानं स्वतःचा अपमान म्हटलं. ज्या पँथरचं नाव १९७२ मध्ये मुंबईत आपल्या पोरांनी घेतलं, त्या अमेरिकेतल्या पँथरांनी आपले कुरळे केस आहेत तसे वाढवले. बाजाराला दिलेलं ते चोख उत्तर होतं.

आता 'फँड्री'बद्दल एक कडू गोष्ट. जब्याला गोरीच का हवी? त्याच्या वस्तीत पोरी नव्हत्या का? शालूला सिनेमात तोंडच नाही, ती फक्त बघण्याची वस्तू आहे. हा प्रश्न मंजुळेंनी अर्धाच विचारला, आणि आपण तर विचारतच नाही. दिवसभर आपल्या रंगाचा सल घेऊन फिरणारा आपला कार्यकर्ता संध्याकाळी स्थळ बघायला जातो आणि परत येऊन म्हणतो, पोरगी शिकलेली आहे पण रंगानं कमी आहे. नाक मोजणाऱ्या साहेबाची पट्टी त्यानं बहिणीच्याच नाकाला लावली. टक्कल पडलेला चोवीस वर्षांचा पोरगा 'मला आहे तसा घ्या' म्हणत असेल, तर ते काळ्या पोरीलाही म्हणू द्या.

जात आपोआप पडत नाही, पाडावी लागते. सुरुवात छोटी आहे. आपल्या वधू-वर मेळाव्याचा छापील फॉर्म काढा. शिक्षण, नोकरी, उंची, आणि मग एक रकाना : वर्ण. त्यात आपली पोरं लिहितात 'गोरा', 'निमगोरा', 'गव्हाळ'. २५ डिसेंबर १९२७ ला आपल्याच जिल्ह्यात, महाडला, वर्ण सांगणारी मनुस्मृती जाळली. आणि आपण तोच शब्द फॉर्मवर छापून वर माहिती भरतो! पुढचा मेळावा होईल तेव्हा हा रकाना खोडून फॉर्म छापा. छापणारे ऐकत नसतील तर पेनानं खोडा, आणि का खोडला ते मेळाव्यात उभं राहून सांगा.