गणसंख्या आणि मात्रा : एका रूढ गुणकाची समीक्षा

पृष्ठभागावरील बीटा-दूषण मोजून त्यावरून किरणोत्सर्गाच्या मात्रेचा दर सांगणे हे काम दिसते तितके सरळ नाही. अनेक गायगर-म्यूलर गणित्रे गणसंख्येस एका ठरीव गुणकाने गुणून मायक्रोसीव्हर्टचा आकडा दाखवितात, आणि तो निःशंकपणे नोंदवहीत उतरविला जातो. या प्रथेची चिकित्सा अगत्याची आहे. कारण तिच्यातून उपजणारी चूक एकाच दिशेची नाही.

हा गुणक बहुधा सीझियम-137 च्या गामा-किरणांवरून ठरविलेला असतो. नळीच्या पातळ झरोक्यातून आत शिरलेला जवळजवळ प्रत्येक बीटा-कण मोजला जातो. गामा-किरणांपैकी मात्र शंभरांत एखादाच. सबब एकासाठी ठरविलेले प्रमाण दुसऱ्यास लावणे म्हणजे पायलीने कापड मोजणे होय.

हिंगोली जिल्ह्यात वसमतकडे हळदीच्या शेतीत पालाशयुक्त खते वापरतात. म्युरिएट ऑफ पोटॅशमध्ये वजनाने सुमारे निम्मे पोटॅशियम असते. त्यातील नैसर्गिक पोटॅशियम-40 मुळे एक ग्रॅम खतात दर सेकंदाला सुमारे 15 विघटने होतात, व दहांपैकी नऊ विघटनांत बीटा-कण बाहेर पडतो. उघड्या खतावर गणित्र धरल्यास गणसंख्या वाढते, आणि यंत्र तिचा अर्थ गामा-किरण असा लावते. वस्तुतः हे बीटा-कण ऊतकात काही मिलिमीटरांपलीकडे पोहोचत नाहीत. संपूर्ण शरीराची मात्रा म्हणून वाचलेला तो आकडा अवास्तव ठरतो, आणि निष्कारण भय उत्पन्न करतो.

उलट प्रकार प्रयोगशाळेत घडतो. समजा, 15 चौरस सेंटिमीटर झरोक्याचे गणित्र फॉस्फरस-32 ने दूषित हातावर, पार्श्वगणना वजा जाता, दर सेकंदाला 30 गणना दाखविते. एकूण कार्यक्षमता 0.2 धरल्यास 30 ला 15 व 0.2 यांच्या गुणाकाराने भागून दूषण दर चौरस सेंटिमीटरला 10 बेकरेल येते. या समस्थानिकासाठी, त्वचेत 0.07 मिलिमीटर खोलीवर, दर चौरस सेंटिमीटरच्या एका बेकरेलमागे ताशी सुमारे 2 मायक्रोसीव्हर्ट मात्रा मिळते. म्हणजे त्वचेस ताशी सुमारे 20. गामा-गुणकावर चालणारे यंत्र मात्र तेथे जेमतेम 5 दाखवील. येथे तोच गुणक खोटा दिलासा देतो.

शिवाय हा 2 चा अंकही सार्वत्रिक नव्हे. कार्बन-14 चे मंद बीटा-कण त्वचेत लवकर शोषले जात असल्याने तो सुमारे 0.3 वर येतो. ट्रिटियमचे कण तर त्वचेचा मृत थरही ओलांडत नाहीत, व पातळ झरोक्यातूनही नळीत शिरत नाहीत. तेथे गणसंख्या शून्य आली म्हणून दूषण नाही असे ठरत नाही.

गुणक सर्वथा त्याज्य आहे असा याचा अर्थ नव्हे. झरोक्यावर बीटा-कण अडविणारे आच्छादन ठेवून घेतलेल्या वाचनास तो बऱ्याच अंशी लागू पडतो, आणि आच्छादनासह व त्याविना घेतलेल्या गणनांतील फरक बीटांचा वाटा दाखवितो. मात्र त्या वाट्याचे मात्रेत रूपांतर करावयाचे तर समस्थानिक, कार्यक्षमता, झरोक्याचे क्षेत्रफळ आणि ऊतकातील खोली ही चारही ज्ञात हवीत. समस्थानिक अज्ञात असेल, तर गणसंख्या ही गणसंख्या म्हणूनच नोंदविणे हा प्रामाणिक मार्ग होय.