नामांतर आणि कार्यांतर : मोठ्या संस्थांतील ‘ॲजाइल’ पद्धतीचे परीक्षण

एखादी कार्यपद्धती एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जाते तेव्हा तिची परिभाषाही तिच्याबरोबर जाते. पुष्कळदा परिभाषा तेवढी पोहोचते आणि पद्धती मागेच राहते. सॉफ्टवेअर-निर्मितीच्या क्षेत्रातील ‘ॲजाइल’ पद्धती लहान गटांतून मोठ्या संस्थांत नेताना हेच वारंवार घडले आहे. या अपयशाची चर्चा बहुधा व्यवस्थापनशास्त्राच्या अंगाने होते. प्रस्तुत टिपणात तिचा विचार भाषेच्या अंगाने करावयाचा आहे.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ जणांनी एक जाहीरनामा सिद्ध केला. त्याच्या शीर्षकात ‘ॲजाइल’, म्हणजे चपळ, हे ‘सॉफ्टवेअर-विकसन’ या नामाचे विशेषण होते. पुढे २०१४ मध्ये, स्वाक्षरी करणाऱ्यांपैकीच एक असलेले डेव्ह थॉमस यांनी या विशेषणाचे नाम झाल्याची तक्रार केली. ही तक्रार केवळ व्याकरणाची नव्हे. विशेषण कृतीचा गुण सांगते. नाम मात्र वस्तूसारखे वागू लागते. ‘आम्ही चपळपणे काम करतो का?’ या प्रश्नाचे उत्तर रोजच्या कामात शोधावे लागते. ‘आमच्याकडे ॲजाइल आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दाखवूनही देता येते.

या दृष्टीने हेन्रिक क्निबर्ग आणि आंदेर्स इवार्सोन यांनी २०१२ मध्ये स्पॉटिफाय या संगीतसंस्थेच्या कार्यपद्धतीवर लिहिलेली पुस्तिका विशेष अभ्यसनीय आहे. तिच्यातील परिभाषा चटकन मनात ठसते. एका कामाची आरंभापासून शेवटपर्यंत जबाबदारी घेणारा लहान गट तो ‘स्क्वॉड’. संबंधित स्क्वॉडांचा समूह ती ‘ट्राइब’. निरनिराळ्या स्क्वॉडांतील समव्यवसायी जनांचे मंडळ तो ‘चॅप्टर’. आणि समान आवडीच्या लोकांचा सैल संघ ती ‘गिल्ड’. एक शब्द सैन्यातला, एक कुळाचा, एक मध्ययुगीन कारागिरांचा. हे शब्द जगभर गेले व अनेक संस्थांनी आपल्या जुन्या विभागांना ते लावले.

परंतु त्या पुस्तिकेतील महत्त्वाचा भाग निराळाच आहे. तीस-एक गटांना स्वायत्तता देता आली, कारण मूळ यंत्रणाच शंभराहून अधिक स्वतंत्र घटकांत विभागलेली होती आणि प्रत्येक घटक इतरांना न अडविता बदलता येत होता. कोणता गट कोणामुळे अडला आहे याची विचारणा नियमितपणे होत असे, आणि तो अडसर दूर करण्याचा प्रयत्न होत असे. आपले वर्णन तात्कालिक आहे, असेही लेखकांनी बजावले होते. अनुकरण करणाऱ्यांनी नावे उचलली. हा आधार आणि हा इशारा मात्र वगळला. अर्थात पुस्तिकेकडेही थोडा दोष जातो. इतकी सुबक चित्रे व नावे दिल्यावर वाचक त्यांनाच आराखडा समजेल, हे लेखकांनी अधिक ओळखावयास हवे होते.

नाम आणि कार्य स्वतंत्रपणे चालतात, हे मराठी वाचकाला सांगण्याची फारशी गरज नाही. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास ‘पेशवा’ या फार्सी पदनामाऐवजी ‘मुख्य प्रधान’ आणि ‘मुजुमदार’ऐवजी ‘अमात्य’ ही संस्कृत नावे आली. तरीही ‘पेशवा’ हा शब्द टिकून राहिला; आणि अठराव्या शतकात शब्द तोच असता त्या पदाची सत्ता पार पालटली. नाव बदलले म्हणून अधिकार बदलतो असे नाही, आणि अधिकार बदलण्यास नाव बदलावेच लागते असेही नाही.

दुसरी चूक समन्वयाची. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच दाखविले की माणसे वाढतात त्याहून पुष्कळ वेगाने त्यांच्यातील संपर्काच्या जोड्या वाढतात. आठ माणसांत २८, तर पन्नासांत १,२२५. यावर नव्या समन्वय-सभा भरविणे हा उपाय सोपा वाटतो. पण त्यामुळे परस्परावलंबन कमी न होता त्याची व्यवस्था तेवढी लागते. एकमेकांची वाट पाहावी लागणार नाही अशा रीतीने कामच विभागणे हा खरा उपाय होय. तो कष्टाचा असल्यामुळे टाळला जातो.

तिसरी चूक मोजमापाची. या पद्धतीत गट आपल्या कामाचा अंदाज ‘पॉइंट’ या एककात करतो. सोस्यूरच्या भाषेत सांगावयाचे तर या अंकाला त्या गटाच्या व्यवस्थेतच मूल्य असते. एका गटाचे पाच आणि दुसऱ्याचे पाच ही दोन बोलींतील समान उच्चाराची, पण भिन्न अर्थाची रूपे होत. वरिष्ठांनी त्यांची तुलना आरंभली की अंक वाढू लागतात. काम मात्र तेवढेच राहते.

क्रेग लार्मन यांनी या साऱ्याचे मर्म नेमके ओळखले आहे. त्यांच्या निरीक्षणानुसार मोठी संस्था बदलाचा शब्द नाकारत नाही. ती त्याला जुन्याच व्यवस्थेचा अर्थ चिकटविते. विभागप्रमुख ‘ट्राइब’चा प्रमुख होतो, प्रगतीचा अहवाल ‘दैनिक उभी सभा’ होतो, आणि परवानगीची साखळी होती तशीच राहते.

यास्तव नव्या परिभाषेची एकच कसोटी लावावी. हे नाव आल्यावर, काल वरिष्ठांना विचारून करावा लागणारा कोणता निर्णय आज गट स्वतः घेऊ शकतो? असा एकही निर्णय दाखविता येत नसेल, तर बदल कोशापुरताच झाला. तशा स्थितीत एखाद्याच गटाला एखादा खरा अधिकार द्यावा, त्याचा परिणाम पाहावा आणि नावाचा विचार मागाहून करावा.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. गटातील कामगाराला स्वायत्तता हवी असते. ती मागावयास तो जातो तेव्हा ‘ती तर तुम्हाला केव्हाच दिली आहे’ असे उत्तर मिळते. गोष्ट न देताच तिचे नाव खर्ची पडल्याने त्याच्यापाशी ती मागावयास शब्दही उरत नाही. पोकळ नामांतराची ही हानी संस्थेच्या हिशेबात कोठेच नोंदली जात नाही.