आरंभ आणि आधार

विश्वाला आरंभ होता काय, हा प्रश्न मराठी वाचकाच्या दारी आणून ठेवण्याचे श्रेय निःसंशय डॉ. जयंत नारळीकर यांचे. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या विज्ञानलेखनाचा गौरव आपल्याकडे पुष्कळ झाला. परंतु त्यामागील मूळ आक्षेपाचा विचार आपण ख्रिस्ती वाचकांनी क्वचितच केला. महास्फोट म्हणजेच उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय, असे समाधान करून घेऊन आपण स्वस्थ बसलो.

नारळीकरांचा आक्षेप असा : महास्फोटाच्या गणितात मागे मागे गेल्यास एक क्षण असा येतो की घनता अनंत होते आणि भौतिकीचे नियम कोलमडतात. द्रव्य आणि ऊर्जा यांची अक्षय्यता मानणाऱ्या शास्त्राने सारे विश्व एका क्षणी अकस्मात प्रकटले असे म्हणावे, ही त्यांना विसंगती वाटे. क्वांटम सिद्धांत, म्हणजेच पुंजवाद, लावला असता तो क्षण टळतो काय, याचा शोध त्यांनी टी. पद्मनाभन यांच्यासह घेतला. या विषयावरचा दोघांचा ग्रंथ १९८६ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९९३ साली फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्या साथीने त्यांनी आरंभरहित विश्वाचे चित्र मांडले. १९६५ साली सापडलेल्या पार्श्वप्रारणाचा उलगडा महास्फोटातून अधिक सरळपणे होत असल्याने बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही. आक्षेपाचे वजन मात्र त्यामुळे कमी होत नाही.

२०१५ साली सौर्य दास आणि अहमद फराग अली यांनी हाच धागा निराळ्या रीतीने उचलला. कोलकात्याचे अमलकुमार रायचौधुरी यांचे १९५५ सालचे समीकरण कणांच्या वाटा मागे जाता जाता एकत्र कशा मिळतात, हे सांगते. या वाटांच्या जागी डेव्हिड बोम यांच्या पद्धतीच्या क्वांटम वाटा घेतल्या, तर त्या एकमेकींना छेदत नाहीत. अनंत घनतेचा क्षण येत नाही आणि विश्वाचे वय अमर्याद ठरते. मात्र बोम यांचा अन्वयार्थ हा अनेकांपैकी एक आहे. क्वांटम सिद्धांताने अनादी विश्व सिद्ध केले असे नव्हे. ते संभाव्य आहे, एवढेच त्यातून दिसते.

गंमत अशी की, याच सिद्धांताच्या आधाराने विश्वाचा आरंभ प्रथम मांडला तो एका कॅथलिक धर्मगुरूने. फादर जॉर्ज लमेत्र यांनी १९३१ साली ‘नेचर’मध्ये एकाच आदिपुंजातून विश्व उलगडल्याची कल्पना छोट्याशा टिपणात प्रसिद्ध केली. पोप बारावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९५१ च्या भाषणात नव्या विश्वविज्ञानाची सांगड निर्मितीशी घातली, तेव्हा मात्र अस्वस्थ झाले ते लमेत्रच. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांच्या पूर्णपणे बाहेरचा आहे, असे त्यांनी १९५८ साली स्पष्ट केले. श्रद्धेला बदलत्या गणिताच्या टेकूची गरज नाही, हे त्यांनी ओळखले होते.

यावर कोणी म्हणेल, मग अनादी विश्वाने आपले काहीच बिघडत नाही काय? असे म्हणून हात झटकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने कालाच्या आरंभापासून निर्मिती झाल्याचे शिकवले आहे. पण संत थॉमस अक्विनास यांनी त्याच शतकात बजावले की, हा आरंभ श्रद्धेने कळतो, तर्काने सिद्ध होत नाही. विश्व अनादी असते तरी ते निर्मितच राहिले असते, कारण निर्मिती म्हणजे पहिला क्षण नव्हे, तर अस्तित्वासाठी परमेश्वरावर अखंड अवलंबून असणे.

आमच्या सावद्याच्या केळीबागेत हे सहज उमगते. केळीला पेरण्याजोगे बी नसते. कंदाला फुटलेला मुनवा लावायचा, त्याला पुन्हा मुनवे. आता प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे येतात, तीही कुठल्याशा आधीच्या झाडाच्याच ऊतीची. समजा, या परंपरेत पहिले झाड नव्हतेच, असे उद्या सिद्ध झाले. तरी आज हे झाड कोणत्या मातीवर उभे आहे आणि कोणत्या पाण्यावर जगते, हा प्रश्न उरतोच. एक प्रश्न आरंभाचा, दुसरा आधाराचा.

मराठीत या दोहोंची गल्लत ‘उत्पत्ती’ या एका शब्दाने होते. शास्त्र आणि पवित्र शास्त्र दोन्ही तो वापरतात. नारळीकरांच्या विश्वातही नवे द्रव्य ठिकठिकाणी निर्माण होत राहते. पण ते एका क्षेत्राच्या ऊर्जेतून, म्हणजे जे आहे त्यातून होते. मुळात काही आहेच का, या प्रश्नाला त्यांचे समीकरण हात घालत नाही, आणि महास्फोटाचेही घालत नाही. आरंभ नाकारला की निर्मात्याचा प्रश्न निकालात निघाला, असे मानणारा वाचक जितका चुकतो, तितकेच महास्फोटावर प्रवचने बेतणारे आपणही चुकतो.

नारळीकरांना विरोधक समजण्याचे कारण नाही. आपल्या श्रद्धेला लावलेला एक कच्चा टेकू त्यांनी हलवून दाखवला. तो आपणच काढून घ्यावा, हे बरे.