पायरी कुणासाठी खोदली?

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हा तर रॅम्पचा आणि रेलिंगचा विषय. इंजिनियरला बोलवायचं ना!" आम्ही म्हटलं, इंजिनियर लागणारच आहे, पण नंतर. रॅम्प का बांधला नाही म्हणून विचारलं की जी कारणं सांगतात, ती इंजिनियरिंगची नसतात. मूळ स्वरूप, पावित्र्य, व्यवहार, बहुसंख्यांची सोय अशी ती असतात. ती आमच्या प्रांतातली आहेत. तीच आज एकेक करून तपासू.

आधी एक प्रसंग. आम्ही चौघे निवृत्त माणसं अधूनमधून रविवारी उपनगरातली जुनी ठिकाणं बघायला निघतो. आमच्यातल्या एकांनी तीस वर्षं प्राचीन भारतीय संस्कृती शिकवली. मुलांना स्लाइड दाखवून चैत्य म्हणजे काय, विहार म्हणजे काय ते समजावलं. चार वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला. आता हातात वॉकर, आणि अंतर जास्त असेल तर चाकांची खुर्ची. एका लेण्यापाशी आम्ही पोहोचलो. कुठलं ते मुद्दाम सांगत नाही, कारण तिथला पहारेकरी भला माणूस होता आणि दोष त्याचा नव्हता. समोर पायऱ्या. मित्राने त्या एकदा वरपर्यंत पाहिल्या आणि म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी पिशव्या सांभाळतो."

हा पिशव्या सांभाळणारा माणूस आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. सहलीला गेलो की खाली झाडाखाली बसणारी आजी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला काका. पोलिओचा कॅलिपर लावणारी मावसबहीण. "तिला कंटाळा येतो चढायला," असं आपणच त्यांच्या वतीने सांगून टाकतो.

आता आपल्या अंगणातली ठिकाणं बघा. बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी, शंभराहून अधिक लेणी, इसवी सनाच्या आगेमागे सुरू झालेली आणि पुढे सुमारे हजार वर्षं वापरात राहिलेली. अंधेरी पूर्वेला महाकाली, म्हणजे जुनी कोंडिविटे लेणी. जोगेश्वरीचं लेणं जमिनीच्या पातळीखाली, तिथे पायऱ्या उतरून जावं लागतं. बोरिवलीचं मंडपेश्वर मात्र जवळजवळ रस्त्याच्या पातळीवर. एकाच उपनगरी पट्ट्यात एक लेणं वर, एक खाली, एक समोर. म्हणजे "लेणी म्हटली की असंच असणार" हे वाक्य पहिल्याच फेरीत पडतं. प्रत्येक ठिकाणचा अडथळा वेगळा, त्यामुळे उत्तरही वेगळं.

पहिलं कारण घेऊ. ते सगळ्यांत भारदस्त आहे: "मूळ स्वरूपाला धक्का लागेल." चिंता खरी आहे. दोन हजार वर्षांच्या दगडाला ड्रिल लावू नये, हे आम्हीही म्हणतो. पण मूळ स्वरूप म्हणजे नक्की काय? मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ? आस म्हणजे रथ? मग हाच प्रश्न लेण्याला विचारू. तिकीट खिडकी म्हणजे लेणं? लोखंडी कठडा म्हणजे लेणं? सिमेंटने दुरुस्त केलेली वाट, दिव्याचा खांब, स्वच्छतागृह? हे सगळं आपल्याच काळात आलं. २०२२ साली बुद्धपौर्णिमेला कान्हेरीला पर्यटकांच्या नव्या सोयींचं उद्घाटन झालं. कुणी म्हटलं नाही की मूळ स्वरूप बिघडलं, आणि म्हणायचं कारणही नव्हतं. मंडपेश्वर तर शैव लेणं. पोर्तुगीजांनी त्याच्या डोक्यावर मठ आणि चर्च उभारलं, आणि आज त्याचे पडके अवशेषही आपण वारसा म्हणूनच बघतो. बदल हा या स्मारकांचा इतिहासच आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. कान्हेरीच्या डोंगराला पायऱ्या निसर्गाने दिल्या नाहीत. कातळ निसरडा होता, चढ अवघड होता, म्हणून कुणीतरी छिन्नी घेऊन पायऱ्या खोदल्या. का? तिथल्या माणसांना वर जाता यावं म्हणून. पावसाचं पाणी साठवायला टाकी खोदली, टेकायला दगडी बाक कोरले. व्यापाऱ्यांनी आणि उपासकांनी त्यासाठी दानं दिली, त्यांचे लेख आजही भिंतींवर आहेत. म्हणजे पायरी हीच मुळात एक सोय आहे. ती एका विशिष्ट शरीरासाठी केलेली सोय आहे: ज्याचे दोन्ही गुडघे वाकतात, ज्याला तोल सांभाळता येतो, त्या शरीरासाठी. ती इतकी अंगवळणी पडली की आपल्याला ती सोय वाटेनाशी झाली. आपली सोय झाली की तो इतिहास, आणि दुसऱ्याची सोय मागितली की तो हस्तक्षेप! (हशा) हसू नका, हा आपल्या सगळ्यांचा युक्तिवाद आहे.

अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर २०२० साली नवी तिरकी लिफ्ट सुरू झाली. त्याच सुमाराला वर काँक्रीटच्या वाटा केल्या, त्यावर मोठा वाद झाला. तो वाद व्हायलाच हवा होता, कारण काँक्रीट किती आणि कुठे हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे. वर गेल्यावर पुन्हा पायऱ्या आहेतच, ती उणीव आहे. पण रोपवेने वर गेलेल्या म्हातारीने रायगड पाहिलाच नाही, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

दुसरं कारण: "असे लोक येतातच किती?" ज्या विहिरीला रहाट नाही, कठडा नाही, त्या विहिरीवर कुणी पाणी काढताना दिसत नाही म्हणून गावाला तहान नाही असं ठरवण्यातला हा प्रकार. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यातल्या सुमारे ५४ लाखांना हालचालीसंबंधीचं अपंगत्व. आणि त्या वेळी नोंदीसाठीचे प्रकार होते आठच. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मानले. शिवाय आमच्यासारखे सत्तरी ओलांडलेले लोक या मोजणीत येत नाहीत, आठव्या महिन्यातली बाई येत नाही, बाबागाडी ढकलणारा बाप येत नाही. "असे लोक" आणि "आपण" यांच्यामध्ये बहुधा थोडी वर्षं असतात, किंवा एखादा अपघात.

तिसरं कारण मायेच्या भाषेत येतं: "उचलून नेऊ की!" घारापुरीला, अजिंठ्याला डोलीवाले आहेत. त्यांच्या कष्टांबद्दल आम्हाला आदर आहे आणि त्यांची रोजी जावी अशी आमची इच्छा नाही. अवघड डोंगरावर डोली हाच एक मार्ग असू शकतो. पण जिथे दोन पायऱ्यांचा प्रश्न आहे तिथेही जेव्हा चार जण खुर्ची उचलतात, तेव्हा आत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघा. किती वेळ थांबायचं, कुठल्या शिल्पापाशी परत जायचं, हे त्याच्या हातात राहत नाही. उचलणाऱ्यांची घाई ही त्याची घाई होते. एका मनुष्याच्या भल्या मनावर ज्याचं जाणं-येणं अवलंबून असतं, त्याला मदत मिळते, हक्क मिळत नाही.

आणि इच्छा असली की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. २००१ च्या जानेवारीत स्टीफन हॉकिंग दिल्लीला आले. त्यांना वास्तू बघायच्या होत्या. अपंग हक्क चळवळीतले जावेद अबिदी यांनी आवाज उठवला आणि कुतुबमिनारसारख्या ठिकाणी तात्पुरते लाकडी उतार घातले गेले. दगडाला धक्का लागला नाही, इतिहास बुडाला नाही. मग प्रश्न असा पडतो की विश्वाच्या उत्पत्तीचं गणित मांडल्याशिवाय आपल्याकडे उतार मिळत नाही का? आमच्या मित्राने फक्त तीस वर्षं शिकवलं. ते पुरे नाही?

आता कायदा. १९९५ चा होता, मग २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ चे. मुदत २०२२ मध्ये संपली. त्याच वर्षी महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग जाहीर केला, ही चांगलीच गोष्ट. पण शब्द 'अपंग'चा 'दिव्यांग' झाला तरी पायरीची उंची तेवढीच राहते. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेत नेमकं दुखण्यावर बोट ठेवलं. कायदा म्हणतो "असलंच पाहिजे", आणि नियमांतली मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात "असावं". हे चालणार नाही, बंधनकारक किमान निकष करा, असं न्यायालयाने केंद्राला सांगितलं. आम्ही आयुष्यभर वर्गात कर्तव्य आणि शिफारस यांतला फरक शिकवला. तो फरक एका नियमात अडकून किती माणसांना खाली बसवून ठेवतो, हे त्या निकालाने दाखवलं.

इथे आमच्या बाजूचा एक दुबळा मुद्दाही मान्य करायला हवा. कांट सांगतो की जे करणं शक्य आहे त्याचंच कर्तव्य असू शकतं. उताराचं साधं गणित एकास बारा. १५ सेंटिमीटरची एक पायरी, तर १८० सेंटिमीटर उतार. अशा साठ पायऱ्या म्हणजे नऊ मीटर चढ, त्याला १०८ मीटर उतार, मधले सपाट टप्पे वेगळेच. कान्हेरीचं प्रत्येक लेणं चाकाच्या खुर्चीने गाठता येणार नाही, आणि गाठावं म्हणून डोंगर फोडावा असं कुणीही शहाणा अपंग माणूस म्हणत नाही. पण "सगळं शक्य नाही" यावरून "काहीच नको" हे निघत नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला ही चूक केली तर आम्ही गुण कापत असू.

कान्हेरीचा भव्य चैत्य, तिसऱ्या क्रमांकाचं लेणं, ज्याच्या ओवरीत बुद्धाच्या दोन प्रचंड मूर्ती उभ्या आहेत, ते प्रवेशापासून सगळ्यांत जवळच्या लेण्यांपैकी आहे. सगळ्यांत मोलाचं सगळ्यांत जवळ, असा योग किती ठिकाणी असतो? तिथपर्यंत दगडाला न खिळवता, हवं तेव्हा काढता येईल असा टेकू देऊन वाट करता येईल का, हा खरा इंजिनियरचा प्रश्न. त्याच्या आधीचे प्रश्न आणखी साधे आहेत. उद्यानाच्या दारापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर. त्या गाडीत खुर्ची चढते का? खाली स्वच्छतागृहाचं दार किती रुंद आहे? दर पंधरा-वीस पायऱ्यांना टेकायला जागा आहे का? पायऱ्या किती, हे तिकिटाच्या खिडकीवर लिहिलं आहे का? शेवटच्या गोष्टीला एक पाटी आणि थोडा रंग लागतो. साखळीतली एक कडी तुटली की बाकीच्या कड्यांवरचा खर्च वाया.

बागांचंही तसंच. उपनगरातल्या एका बागेच्या दारात दुचाक्या शिरू नयेत म्हणून लोखंडी खांब रोवलेत. हेतू चांगला. पण आमच्या मित्राची खुर्ची त्या खांबांत अडकली. बाजूला मोठं फाटक होतं, त्याला कुलूप. किल्ली रखवालदाराकडे, आणि रखवालदार चहाला. आत सपाट वाट, बाकं, सावली, सगळं होतं, फक्त दार नव्हतं. अर्ध्या तासाने तो आला, ओशाळला, बिचाऱ्याने पळत जाऊन कुलूप काढलं. मित्र म्हणाले, "तुझा चहा अर्धा राहिला असेल." ज्याची गैरसोय झाली त्यालाच माफी मागितल्यासारखं बोलावं लागतं, हे आम्हाला त्या दिवशी जास्त लागलं.

ऐकणाऱ्यांना एक काम सांगतो. पुढच्या वेळी लेण्यावर, किल्ल्यावर, बागेत जाल तेव्हा पायऱ्या मोजा. कुठे कठडा सुटला, कुठे वाट अरुंद झाली, ते लिहा, आणि त्या त्या खात्याला नावानिशी कळवा. तक्रार म्हणून नको, यादी म्हणून. यादी आली की "शक्य नाही" म्हणणाऱ्याला सांगावं लागतं, यातलं कुठलं शक्य नाही.

त्या रविवारचं राहिलं. आम्ही तिघे लेणं बघून खाली आलो. फोटो काढले होते, चेहऱ्यावर पुण्य केल्याचा भाव होता. मित्राने विचारलं, "आत उजवीकडे खांबावर लेख आहे. दुसऱ्या ओळीतली अक्षरं अजून वाचता येतात का? मी पाहिलं तेव्हा पाणी झिरपत होतं." आम्ही एकमेकांकडे बघितलं. तो लेख आमच्यापैकी कुणीही पाहिला नव्हता. आम्हाला तो दिसलाही नव्हता. ज्याला तो दिसला असता, त्याला आम्ही पिशव्यांपाशी बसवून वर गेलो होतो.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. मागच्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या ताई आहेत, माइक आधी त्यांच्याकडे न्या.