बीआयटी चाळी : मालकाने सोडलेली मालकी

मुंबईतल्या बीआयटी चाळींच्या पुनर्विकासाची चर्चा बहुधा दोन टोकांवर होते. एकीकडे चाळसंस्कृती बुडाली म्हणून गळा काढणारे, दुसरीकडे टॉवरचे रंगीत चित्र दाखवणारे. या चाळींची मालक मुंबई महानगरपालिका आहे. या मालकाने स्वतःच्या मालमत्तेचे काय केले, हा प्रश्न दोघांनाही फारसा पडत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे.

1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये कायद्याने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे आणि उठवलेल्या लोकांसाठी चाळी बांधणे ही त्याची कामे. रस्ते झाले, सँडहर्स्ट रोड हा त्यांतलाच. पण सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जितकी घरे पाडली तितकी बांधली नाहीत. उठवलेली गरीब माणसे शेजारच्या वस्त्यांत आणखी दाटीने राहू लागली. 1933 मध्ये ट्रस्ट पालिकेत विलीन झाला आणि आग्रीपाडा, परळ, माझगाव इथल्या चाळी पालिकेकडे आल्या.

पुढे या चाळी जीर्ण झाल्या. हे ‘झाल्या’ क्रियापद फसवे आहे. इमारत वयाने थकते हे खरे. पण दुरुस्ती न करणाऱ्या मालकाचा त्यात वाटा असतो, आणि इथे तो मालक सार्वजनिक संस्था आहे.

विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(7) या नियमानुसार पालिकेच्या भाडेकरूंनी गृहनिर्माण संस्था स्थापायची, विकासक निवडायचा आणि ठराविक संमती गोळा करायची. पालिका परिशिष्ट-2 तयार करून पात्र-अपात्र ठरवते. विकासक भाडेकरूंना मोफत घरे बांधून देतो. त्या बदल्यात मिळालेल्या वाढीव चटईक्षेत्रावर विक्रीची घरे उभारतो. जमीन पालिकेचीच राहते, पण संस्थेकडे भाडेपट्ट्याने जाते. पालिकेला अधिमूल्य मिळते.

वरवर हा रहिवाशांचा अधिकार दिसतो. प्रत्यक्षात विकासकाची ऐपत जोखणे, करार वाचणे, संक्रमण काळातल्या भाड्यासाठी भांडणे, ही मालकाची कामे भाडेकरूंच्या अंगावर पडतात. अभियंते, विधी खाते, मालमत्ता खाते सगळे पालिकेकडे. वाटाघाटीला मात्र गिरणीतून निवृत्त झालेला चिटणीस बसतो. प्रकल्प रखडला की पालिका म्हणू शकते, विकासक तुम्हीच निवडला होता.

दुसरी वाट नव्हती असे नाही. 1920 च्या दशकातल्या बीडीडी चाळी राज्य सरकारच्या. तिथे म्हाडा स्वतः विकासक झाली, खासगी कंपन्या केवळ कंत्राटदार. 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांचे मालकीचे घर ठरले, आणि ऑगस्ट 2025 मध्ये वरळीत पहिल्या 556 घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. तिथेही विलंब झाला, वाद झाले. पण विक्रीच्या घरांचा नफा-तोटा सार्वजनिक संस्थेच्या वहीत लिहिला जातो. मुंबई महापालिकेसारख्या श्रीमंत पालिकेला हे का जमू नये?

परळच्या बीआयटी चाळीत 50 आणि 51 क्रमांकाच्या खोल्यांत डॉ. आंबेडकरांचे बिऱ्हाड 1912 ते 1934 असे होते. महाडचा सत्याग्रह आणि गोलमेज परिषदा याच काळातल्या. त्या खोल्यांचे स्मारक व्हावे यावर कोणाचे दुमत नाही. पण दोन खोल्या जपून बाकीची चाळ केवळ चटईक्षेत्र मानायची, ही वारशाची अपुरी समज आहे. बाबासाहेबांना भेटायला येणारी माणसे त्याच सामाईक जिन्याने चढत होती, आणि शेजारच्या खोल्यांत गिरणी कामगारांचे संसार होते. परिशिष्ट-2 मध्ये पात्रतेचा रकाना असतो, या इतिहासाचा नसतो.

म्हणून चाळी तशाच ठेवा, असे म्हणणे नाही. सामाईक संडासासमोर पहाटे रांगेत उभे राहणाऱ्याला बाहेरच्याने वारसा शिकवू नये. मागणी साधी आहे : पालिकेने स्वतः विकासक व्हावे. ते जमत नसेल तर निदान निविदा काढून विकासक स्वतः निवडावा, करारावर जबाबदार पक्ष म्हणून सही करावी, आणि पाडण्याआधी प्रत्येक चाळीचे नकाशे, भाडेवह्या व रहिवाशांच्या आठवणी नोंदवून सार्वजनिक कराव्यात. ट्रस्टच्या काळी उठवलेली माणसे कुठे गेली याचा हिशेब पुरा लागला नाही. या वेळी तो ठेवणे पालिकेच्या हातात आहे.