हिंगणघाटची घोषणा : एक चिकित्सा

३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाट येथे महाविद्यालयात निघालेल्या तरुण प्राध्यापिकेस पेटविण्यात आले. १० फेब्रुवारीस तिचा मृत्यू झाला. वृत्तपत्रांनी त्यास ‘एकतर्फी प्रेम’ म्हटले, तर रस्त्यावर उतरलेल्या तरुणाईने फाशीची मागणी केली. हा संताप स्वाभाविक होय. तथापि त्याची भाषा अपुरी ठरते. विदर्भातीलच मथुरा प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष ठरविल्यानंतर स्त्री-चळवळीने ‘संमती’चा प्रश्न मध्यवर्ती केला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. हिंगणघाटच्या आरोपीस २०२२ मध्ये जन्मठेप झाली. परंतु स्त्रीचा नकार स्वीकारण्याचे शिक्षण निकालातून मिळत नाही. ते वर्गातच द्यावे लागते. तरुणांच्या घोषणेत ही मागणी नसेल, तर त्याचे उत्तरदायित्व आपणा अध्यापकांवरही येते.