फुटलेले जहाज आणि पावसाची प्रार्थना : इब्न मैमूनच्या ईश्वरी देखरेखीच्या सिद्धांताची समीक्षा

प्रास्ताविक

ईश्वर सर्वज्ञ असेल तर त्याच्यापुढे आपली गरज मांडण्याचे प्रयोजन काय? आणि ती ऐकून तो आपला निर्णय बदलत असेल तर त्याला पूर्ण कसे म्हणावे? इस्लामी कलामशास्त्राला परिचित असलेला हा प्रश्न यहुदी तत्त्वज्ञानातही तितकाच जुना आहे. मध्ययुगातील अनेक यहुदी विचारवंतांनी तो अरबी भाषेत, मुताझिला आणि अशअरी मतांशी वाद घालत मांडला. त्यांत अग्रगण्य म्हणजे कुर्तुब्यात जन्मलेला, इजिप्तमध्ये स्थायिक झालेला आणि १२०४ मध्ये निधन पावलेला मूसा इब्न मैमून. ‘इनाया’, म्हणजे ईश्वराची माणसावरील देखरेख, याविषयीचा त्याचा सिद्धांत आजही प्रमाण मानला जातो. तो सिद्धांत सामान्य भक्ताच्या प्रार्थनेला पुरेसा न्याय देतो का, हे येथे तपासावयाचे आहे. त्यासाठीचे उदाहरण दूरचे नाही. ते कोकणातील मराठी भाषिक बेने इस्राएल समाजाचे आहे.

इब्न मैमूनची मांडणी

‘दलालत अल-हाईरीन’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागातील सतराव्या प्रकरणात इब्न मैमून पाच मते नोंदवतो. एपिक्युरसच्या मते सर्व काही योगायोग आहे. ॲरिस्टॉटलच्या मते आकाशस्थ गोल आणि प्राणिजाती यांची व्यवस्था स्थिर आहे, परंतु एकेका व्यक्तीचे भवितव्य योगायोगावर सोडलेले आहे. अशअरींच्या मते झाडाचे पानही ईश्वरी इच्छेवाचून गळत नाही. मुताझिलांच्या मते ईश्वर न्यायी आहे, म्हणून निरपराध मुक्या जनावरालाही त्याच्या दुःखाची भरपाई मिळेल. पाचवे मत तौरातचे. त्याचा अर्थ लावताना इब्न मैमून म्हणतो की मनुष्येतर सृष्टीत देखरेख जातीपुरती असते, व्यक्तिगत देखरेख फक्त मानवावर असते, आणि तीही त्याच्या बुद्धीच्या प्रमाणात.

येथे तो जहाजाचे उदाहरण देतो. वादळात जहाज बुडणे हा निसर्गनियमांचा परिणाम असू शकेल. परंतु त्यात कोण चढले, हे मात्र ईश्वरी न्यायाप्रमाणे ठरते. हे वाचताना त्याच्या आयुष्यातील एक घटना लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. त्याचा धाकटा भाऊ दावीद व्यापारासाठी निघाला असता हिंदी महासागरात बुडाला. त्या शोकात आपण सुमारे वर्षभर आजारी होतो, असे इब्न मैमूनने नंतर एका पत्रात लिहिले आहे. असे दुःख सोसलेल्या माणसाने जहाजाचे उदाहरण सहज म्हणून दिले असेल, असे मानणे कठीण आहे.

पुढे एक्कावन्नाव्या प्रकरणात तो म्हणतो की ज्याचे चित्त सतत ईश्वराच्या ज्ञानात गुंतले आहे त्याला या देखरेखीचा पुरेपूर लाभ होतो, आणि चित्त जितके ढळते तितकी देखरेखही दूर जाते. ओठ हलवत मनात बाजारहाटाचे विचार करणाऱ्या भक्ताला तो स्पष्ट फटकारतो. या मांडणीचे बळ मान्य केले पाहिजे. येथे ईश्वराकडे पक्षपात नाही. सूर्य सर्वांसाठी आहे, आडोशाला उभा आहे तो माणूस. शिवाय ‘बुद्धी’ म्हणजे केवळ पुस्तकी विद्वत्ता नव्हे. त्या ज्ञानातून ईश्वराविषयीचे प्रेमही उपजते.

आक्षेप : शनवार तेल्यांची प्रार्थना

तरीही एक अडचण उरते. अठराव्या प्रकरणात इब्न मैमून अज्ञानी आणि अवज्ञा करणाऱ्या लोकांना जवळजवळ इतर प्राण्यांच्या पंक्तीला बसवतो. मग ज्याला शिकण्याची संधीच मिळाली नाही त्याचे काय?

दक्षिण फ्रान्समधील ल्युनेल येथील विद्वानांना लिहिलेल्या पत्रात इब्न मैमून हिंदुस्थानातील यहुद्यांचा ओझरता उल्लेख करतो. शब्बाथ पाळणे आणि आठव्या दिवशी सुंता करणे, याखेरीज त्यांना धर्माचे काही ठाऊक नाही, असा त्याचा आशय आहे. त्याच्या मनात नेमका कोणता समाज होता हे सांगता येत नाही. परंतु हे वर्णन बेने इस्राएलांच्या स्वतःच्या परंपरेशी विलक्षण जुळते. त्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. पिढ्यानपिढ्या त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद असे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. हिब्रू विसरली गेली तरी ‘शेमा’ची घोषणा त्यांच्या ओठांवर टिकून राहिली.

इब्न मैमूनच्या मापाने या तेल्याच्या वाट्याला देखरेख अगदी थोडी येईल. मात्र समाजाची स्वतःची समजूत नेमकी उलट आहे. नवस फेडताना ते पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करून एलियाहू हानबी, म्हणजेच हजरत इलियास, यांचे स्मरण करतात. गरज मांडणे, ती पूर्ण झाल्यावर कृतज्ञतेने एकत्र बसणे, हे त्यांच्या भक्तीचे केंद्र आहे. त्यामागे ग्रंथ नव्हता, पण विश्वास होता.

हा प्रश्न इतिहासजमा झाला असेही नाही. इस्राएलमध्ये स्थलांतर केल्यावर १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथील धर्मपीठाने विवाहाच्या संदर्भात या समाजाच्या यहुदीपणाविषयी शंका घेतली. समाजाने निकराने विरोध केला, तेव्हा १९६४ मध्ये त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्यता मिळाली. विद्येच्या मापाने श्रद्धा मोजली की काय होते, याचे हे अलीकडचे उदाहरण होय.

दोन पर्याय

अकराव्या शतकात सरकोस्ता येथे बह्या इब्न पाकूदा याने ‘अल-हिदाया इला फराइज अल-कुलूब’ हा ग्रंथ अरबीत लिहिला. सूफी साहित्याचा ठसा त्यावर उघड दिसतो, आणि त्यातील एक संपूर्ण विभाग तवक्कुलला वाहिलेला आहे. शरीराच्या कर्तव्यांपेक्षा अंतःकरणाची कर्तव्ये मूळ आहेत, हे त्याचे प्रतिपादन. येथे भर अंतःकरणाच्या शुद्धीवर येतो आणि तेल्यालाही जागा मिळते. तथापि बह्याची वाट मुख्यतः एकट्या साधकाची आहे.

पंधराव्या शतकात स्पेनमधील योसेफ आल्बो याने प्रास्ताविकातील कोड्याला उत्तर दिले. प्रार्थनेने ईश्वर बदलत नाही, प्रार्थना करणारा बदलतो आणि कृपा स्वीकारण्यास पात्र होतो. हे उत्तर आकर्षक आहे, परंतु पावसापुढे ते तोकडे पडते. पाऊस एकेकट्याच्या पात्रतेप्रमाणे पडत नाही, तो सगळ्या शिवारावर पडतो. तल्मुदात उल्लेख आहे की प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक पावसाची याचना करी, आणि पाऊस नको म्हणणाऱ्या वाटसरूंची प्रार्थना स्वीकारू नये अशीही विनंती करी. म्हणजे प्रार्थनेत गरजांचा तोल राखण्याचा सामाजिक विचारही अनुस्यूत आहे.

कायदेपंडित विरुद्ध तत्त्वज्ञ

पावसाच्या याच प्रार्थनेत इब्न मैमूनचे दुसरे रूप दिसते. यहुदी नित्यप्रार्थनेत पावसाची मागणी हिवाळ्यात येते, कारण पॅलेस्टाइन आणि इराकमध्ये पाऊस त्या ऋतूत पडतो. सह्याद्रीत, मग ते जोयडा तालुक्यातील बाजारकुणंग असो की अलिबाग, पावसाचे महिने जून ते सप्टेंबर. डिसेंबरात येथील भात कापून झालेले असते. मग या मुलखातील भक्ताने पाऊस केव्हा मागावा? तल्मुदात निनवेच्या लोकांनी हाच प्रश्न विचारला होता. उन्हाळ्यात पावसाची गरज असेल तर तो ‘प्रार्थना ऐकणारा’ या स्तुतिवचनात मागावा, असे त्यांना सांगण्यात आले. इब्न मैमूनने आपल्या ‘मिश्ने तोरा’ या विधिग्रंथात दूरच्या बेटांचे उदाहरण देऊन हाच नियम नोंदवला. मागणीची वेळ येथे बुद्धीवरून ठरत नाही, भूमीच्या गरजेवरून ठरते.

त्याच ग्रंथात नित्यप्रार्थनेचे शब्द ठरवून देण्याचे कारणही तो सांगतो. बाबिलोनच्या निर्वासनानंतर लोकांची भाषा मिसळली, त्यांना स्वतःची गरजही धड मांडता येईना. तेव्हा एज्रा व त्याच्या सभेने शब्द नेमून दिले, ते अडखळणाऱ्या जिभेची प्रार्थना वाक्पटूच्या प्रार्थनेइतकीच पूर्ण व्हावी म्हणून. तत्त्वज्ञ इब्न मैमूनने ज्याला शेवटच्या पंक्तीत बसवले, त्याला कायदेपंडित इब्न मैमूनने बरोबरीची जागा दिली. ‘दलालत’च्या छत्तिसाव्या प्रकरणातही संकटात ईश्वराचा धावा करणे हे आवश्यक कर्तव्य म्हणून येते, कारण त्यातूनच ईश्वर आपली स्थिती जाणतो ही श्रद्धा जिवंत राहते.

निष्कर्ष

या विवेचनावरून असे म्हणता येईल की इब्न मैमूनचा इनायाचा सिद्धांत आत्मिक ध्येय कोणते ते दाखवतो, परंतु कोण किती ईश्वराच्या नजरेत आहे हे मोजण्याचे माप म्हणून तो वापरणे सदोष ठरते. या दोषाची दुरुस्ती त्याच्याच विधिग्रंथात आहे. म्हणून हे दोन्ही ग्रंथ एकत्र वाचले पाहिजेत.

अध्यापकांसाठी या चर्चेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. एकोणिसाव्या शतकात मुंबईतील शाळेचे मुख्याध्यापक योसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. शेमा म्हणणाऱ्या तेल्याच्या वंशजांना आपण काय म्हणतो आहोत, हे त्यामुळे त्यांच्याच बोलीत कळू लागले. आधी त्यांनी ज्ञान मिळवावे आणि मगच प्रार्थना करावी, अशी अट राजपूरकरांनी घातली नाही. चालू असलेल्या प्रार्थनेला त्यांनी अर्थाची जोड दिली.